तिसऱ्या भोंग्यानंतर

गुलाबभाऊंकडे गाणी ऐकायला जायचं तर घरून दोन तांबे पाणी पिऊन निघावं लागे. कारण पाहुणा आत येऊन खुर्चीवर टेकला की भाऊ उठून पहिल्यांदा पंखा बंद करत. मग कूलर. मग रस्त्याकडची खिडकी. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून एक आरोळी, "अवो, मिक्सर नोको लावू आता!" हे सगळं गडचांदुरात, मे महिन्यात, दुपारी चारला. आमच्याकडे मे महिन्यात कावळासुद्धा या फांदीवरून त्या फांदीवर जाण्याआधी दहादा विचार करतो.

"भाऊ, पंखा तरी राहू द्या," मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

"पंख्याचा आवाज येते."

"जीव जाईल हो माझा."

"जाईन तर जाईन. गाणं संपल्यावर जा म्हणा त्याले."

आणि गाणं कुठलं? भजन नाही, नाट्यगीत नाही, सिनेमातलं तर नाहीच नाही. विलायती रॉक. पन्नासेक वर्षांपूर्वी लांब केसांच्या गोऱ्या मंडळींनी गिटारी ओरबाडत आणि ढोल बडवत केलेलं. दिवसभर खाणीत दगड फोडणारा माणूस संध्याकाळी रॉक ऐकतो, यावर जो विनोद तुम्हाला आत्ता सुचला तो आमच्या गावात सगळ्यांचा करून झाला आहे. कारखान्याचे तीन मॅनेजर तो करून बदलीवर गेले. मी तो करणार नाही.

गुलाबभाऊ पिंपळकर सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंगांचे फोरमन होते. ठेंगणे, रुंद, आणि चालताना पावलं मोजत असल्यासारखे चालणारे. भुवया आणि मिशा पांढऱ्या. त्या वयानं पांढऱ्या की चुनखडीच्या धुळीनं, हे कौसल्यावहिनींनासुद्धा नक्की सांगता येत नसे. "आंघोळीनंतर पाह्यते एकडाव," त्या म्हणत, "पन आंघोळ झाली का हे लगेच खानीत." कान मात्र असे की माणसापेक्षा आधी तेच खोलीत शिरत.

मी बस स्टँडमागे कुरिअरचं दुकान चालवतो. तेव्हाही चालवत होतो. गुलाबभाऊंच्या सीड्या माझ्याकडूनच यायच्या, म्हणून मला त्यांनी 'पार्सल' हे नाव ठेवलं होतं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर त्यांनी ते अचूक घातलं होतं. पण पत्रिका देताना हाक मारली ती, "घे बे पार्सल, तुले पार्सल."

या माणसाला विलायती गाण्याचा नाद लागला कसा, याची गोष्ट ते एका वाक्यात सांगत. "गोरा साहेब गेला, पेटी राह्यली." कारखाना उभा राहत होता तेव्हा भट्टी बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. परत जाताना त्याच्या सामानात एक रेकॉर्ड प्लेअर आणि सात रेकॉर्डी मावेनात. गेस्ट हाऊसवर सामान उचलायला आलेल्या ड्रिलवरच्या एका तरुण मजुराला तो म्हणाला, घेऊन जा. तो मजूर म्हणजे गुलाबभाऊ.

इंग्रजीशी त्यांची ओळख नव्हती आणि करून घ्यायची इच्छाही नव्हती. रेकॉर्डींना त्यांनी वेष्टणावरच्या चित्रावरून नावं दिली होती. निळ्या घोड्याची. पडक्या पुलाची. छत्रीवाल्या बाईची. आणि सगळ्यांत लाडकी, 'तीन खुर्च्या'. गवताच्या माळावर तीन रिकाम्या लाकडी खुर्च्या, बस. गाणाऱ्यांची नावं त्यांना माहीत नव्हती. "तो नाकातला", "तो भांडकुदळ" आणि ढोलवाल्याला "आपला मारोती", कारण खाणीतला डंपर ड्रायव्हर मारोती गिअर टाकतो तस्सा तो ढोल वाजवतो असं भाऊंचं मत. पुढे रेकॉर्डी झिजल्या, प्लेअरची सुई मिळेना, तेव्हा तेच अल्बम सीडीवर मिळतात हे मी त्यांना सांगितलं. मी कॉम्प्युटरवर चित्रं दाखवायचो, ते पडद्यावर बोट ठेवायचे, मी मागवायचो. अशी पंधरा-सोळा वर्षं चालली.

आता 'तीन खुर्च्यां'बद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

त्या अल्बममधल्या चौथ्या गाण्यात एक जागा आहे. गाणं चांगलं दणकत असतं, आणि एकाएकी सगळे थांबतात. गिटार थांबते, ढोल थांबतो. फार लांबून एकच तार वाजत राहते. मग गाणारा हळूच श्वास घेतो, आणि मग ढोल असा कोसळतो की बसल्या जागी माणूस दोन बोटं वर उडतो. ही जागा आली की गुलाबभाऊंचा उजवा हात आपोआप वर जायचा आणि ढोलाबरोबर खाली यायचा.

तो हात सगळी खाण ओळखत होती. खाणीत दुपारी दोनला सुरुंग उडत, म्हणजे दगडात ओळीनं पाडलेल्या भोकांत ठासलेली दारू. पहिला भोंगा झाला की माणसं बाहेर. दुसरा झाला की रस्ते बंद, लाल झेंडे. तिसरा भोंगा वाजून संपला की गुलाबभाऊ हात वर करत. त्या क्षणी म्हणे खाणीत जी शांतता पसरे तसली मी आयुष्यात ऐकलेली नाही. डंपर बंद, ड्रिल बंद, माणसं तोंड उघडं ठेवून उभी, कारण तोंड उघडं असलं की कानाला दणका कमी बसतो. मग हात खाली, आणि डोंगर खाली.

"गाणारा गोरा असन, पन त्यानं खान पाह्यली हाय," भाऊ ठामपणे म्हणत. "तिसऱ्या भोंग्यानंतरची शांतता ज्यानं आयकली नाई, त्याले हे जमणार नाई."

त्यांच्या कानाची एक कथा गावात सांगितली जायची, आणि ती खरी आहे, कारण मारोतीनं ती मला शपथेवर सांगितली. एकदा सुरुंग उडाले, धूळ बसली, डंपर निघाले. भाऊंनी हात पुन्हा वर केला.

"थांबा. तिसऱ्या ओळीतलं एक भोक बोललं नाई."

साहेब वैतागले. एवढ्या गडगडाटात एखादं भोक मुकं राहिलं हे कळणार कसं? पण भाऊ हात खाली घेईनात, आणि हात वर असेपर्यंत खाणीत कोणी हलत नसे. ठरलेला वेळ थांबून माणसं बघायला गेली. तिसऱ्या ओळीत, शेवटून दुसऱ्या भोकात, तुटलेल्या वायरीला लटकलेली अख्खी दारू निघाली. पहिला डंपर त्याच्यावरूनच जायचा होता. त्या डंपरवर मारोती होता. तेव्हापासून मारोती दर पोळ्याला भाऊंच्या घरी पुरणपोळी पोचवतो आणि त्यांचं गाणं अवाक्षर न बोलता ऐकतो.

हे जमलं कसं, असं मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "बोळे काढून." कंपनी सगळ्यांना कानात घालायला रबरी बोळे देई. भाऊ इतरांना ते दमदाटी करून घालायला लावत आणि तिसऱ्या भोंग्यानंतर स्वतःचे काढून खिशात टाकत. "बोळे घातल्यावर सगळे भोकं एकसारखेच बोलते. मंग मोजाव कसं?"

कौसल्यावहिनी जिवतीच्या डोंगरातल्या. त्यांचा कान हा वेगळाच विषय. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं गळतात. वहिनींना लहानपणी अंथरुणातच कळायचं की आज टोपली घेऊन आधी कुठल्या झाडाखाली पळायचं. "नवं झाड टप्प करते, जुनं झाड टुप्प करते," त्या मला समजावून सांगत, आणि मी समजल्यासारखी मान हलवत असे. मात्र नवऱ्याच्या गाण्याबद्दल त्यांचं मत स्वच्छ होतं. विशेषतः 'तीन खुर्च्यां'ची दुसरी सीडी घरात आली तेव्हा.

"काऊन जी, हेच गानं आपल्याकडे हाय न?"

"हे नवीन काढलं त्यायनं."

"गानं नवीन?"

"गानं तेच. सीडी नवीन."

"म्हंजे एकाच नवऱ्याचे दोन फोटो एका भिंतीवर," वहिनी म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

पण त्या नव्या सीडीनंच सगळं पेटवलं. वेष्टणावर सोन्याच्या रंगाचा एक गोल टिकला लावलेला होता आणि त्यावर नव्यानं घासूनपुसून, आवाज सुधारून वगैरे लिहिलेलं होतं. मी ते मराठीत करून सांगितलं. भाऊंनी पंखा बंद केला, कूलर बंद केला, खिडकी लावली, सीडी घातली. मी घाम पुसत बसलो. गाणं सुरू झालं ते असं दणदणीत की मला वाटलं, वा! चौथं गाणं आलं. ती जागा आली. ढोल कोसळला.

भाऊंचा हात मांडीवरच होता.

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा हात मांडीवर. मग त्यांनी जुनी साधी सीडी लावली, आवाज थोडा वाढवला, आणि हात वर गेला.

"रंगसफेदी केली बे त्यायनं," ते म्हणाले. "हळू होतं ते उचललं, मोठं होतं ते दाबलं. त्याचा श्वासही तेवढाच अन् ढोलही तेवढाच. मंग ढोलाले पडाले जागा कुठी हाय? सगळा डोजर फिरवला."

मला खोडी काढल्यावाचून राहवत नाही. मी म्हणालो, "भाऊ, डोंगर तर तुम्हीही रोज सपाट करता."

"म्हनूनच त मले कळते, पार्सल," ते म्हणाले. "सपाट झालेल्या डोंगरावर मी रोज उभा राह्यतो."

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांची दुसरीही तक्रार होती. नव्या सीडीत झांज नाही! ढोलवाल्याच्या डाव्या हाताला जी पितळी झांज असते ती या गाण्यात सबंध वेळ हलके हलके वाजते, ती गायब. "खाल्ली त्यायनं," भाऊ म्हणाले. नंतर जुनीही लावून पाहिली, तर तिच्यातही झांज पूर्वीसारखी नव्हती. त्याचं कारण त्यांनी तिथल्या तिथे शोधलं, जुनी सीडी घासली गेली.

त्यांनी माझ्याकडून विलायतेच्या कंपनीला पत्र लिहून घेतलं. मजकूर असा सांगितला, "लिही. तुमी शांतता बुजवली आनि झांज खाल्ली. दोन्ही परत करा." मी माझ्या इंग्रजीत त्याचं 'आपल्या सीडीत शांतता व झांज आढळून येत नाहीत' असं काहीतरी केलं आणि पाठवून दिलं.

ही बातमी कारखान्याच्या लॅबचे प्रमुख भोसले साहेब यांच्यापर्यंत गेली. साहेब पुण्याचे, स्वतः या संगीताचे मोठे शौकीन, सज्जन, पण नवीन निघालेली प्रत्येक गोष्ट जुन्यापेक्षा चांगलीच असते अशी त्यांची श्रद्धा. एका संध्याकाळी माझ्या दुकानातच दोघांची गाठ पडली.

"गुलाबराव, सोनेरी टिकल्याची सीडी माझ्याकडेही आहे. अप्रतिम आहे."

"मोठी हाय, साहेब. अप्रतिम नाई."

"तुम्हाला जुन्याची सवय आहे म्हणून तसं वाटतं. डोळ्यांनी सीडी पाहता आणि मग कानांनी ठरवता. पडद्यामागे लावली तर ओळखाल?"

"लावा पडद्यामागं."

"आवाजही सारखा करू. सेफ्टीवाल्यांकडे आवाज मोजायचं यंत्र आहे."

"करा सारखा. पन पंखे बंद पाह्यजे."

रविवार ठरला. कॉलनीचा हॉल. सकाळी अकरा. मारोतीनं सगळ्या खाणीला सांगितलं, साहेबांनी सगळ्या ऑफिसला.

आणि त्या आधीच्या बुधवारी माझ्याकडे विलायतेचं पार्सल आलं. आत एक सुरेख कागदावरचं पत्र होतं. झांज होती तशीच आहे, तरी आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सोबत दुसरी प्रत पाठवत आहोत. शांततेबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मी पार्सल घेऊन भाऊंकडे गेलो. पंखा, कूलर, खिडकी. सीडी लागली. भाऊ डोळे मिटून, मान तिरकी करून बसले. चौथं गाणं निम्म्यावर आलं तसे त्यांनी डोळे उघडले.

"हिच्यातही नाई. लेकहो, दुसरीतही झांज नाई!"

मला गाणं सुरू झाल्यापासून झांज ऐकू येत होती. खरं सांगायचं तर मला ती पहिल्या सीडीतही ऐकू आली होती. पण भाऊ नाही म्हणतात म्हटल्यावर आपण ऐकतो ती झांज नसेल, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या कानापुढे माझ्या कानाची काय पत्रास?

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. "काय नाई जी?"

"झांज नाई."

"वाजून त राह्यली. मघापासून चिक् चिक् करून राह्यली." त्या पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "हे आता. हे. हे पाहा. हे."

प्रत्येक 'हे'बरोबर त्यांचं पिठानं माखलेलं बोट हवेत टेकत होतं, आणि प्रत्येक टेकण्याला झांज वाजत होती. भाऊ त्या बोटाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्या खोलीत त्यानंतर जी शांतता झाली तिला भोंगा लागला नव्हता.

गुरुवारी भाऊ स्वतःहून कंपनीच्या दवाखान्यात गेले. कानाची तपासणी दरवर्षी असे. भाऊ दरवर्षी "माह्ये कान तपासनारा अजून जल्माले याचा हाय" म्हणून टाळत आले होते. शुक्रवारी दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर एक कागद पसरला. त्यावर एक रेघ होती. डावीकडून बरीच सरळ जाणारी, आणि मग एकदम तोंडावर पडलेली.

"पाह्य. जिवतीचा डोंगर," ते म्हणाले. "इथवर पठार. अन् इथी कडा. डॉक्टर म्हने, बारीक, वरचे आवाज गेले. झांज गेली, पैंजन गेले, रातकिडे गेले. मी समजत होतो या वर्षी रातकिडेच कमी हाय."

"बोळे काढत होतात म्हणून?"

"मंग काय? भोकं मोजली न." कड्यावर बोट ठेवून म्हणाले, "मोजली त मोजली. मारोती जिता हाय."

मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही. वर पंखा फिरत होता, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला तो बंद करायला सांगितला नाही.

"पार्सल, विलायतेच्या मानसाले मी चोर म्हनलो."

"पत्रात तसं नव्हतं लिहिलं, भाऊ. मी जरा मऊ केलं होतं."

"तू मऊ केलं असन. मी त म्हनलो." त्यांनी कागदाची घडी केली. "झांजेचं खोटं निघालं. मंग शांततेचं खरं कशावरून? इतके वर्सं मी जे बोललो, ह्यात दम हाय, त्यात दम नाई, ते सगळं या फुटक्या कानानं बोललो का?"

"रविवारचं रद्द करू? साहेबांना सांगतो तुम्हाला ताप आहे."

भाऊ उभे राहिले. खांदे पुन्हा जागेवर आले. "रद्द कायले? आता त आयकाच लागन. साहेबाले पाह्याचं असन तर पाहू दे. मले माह्यं पाह्याचं हाय."

रविवारी हॉल भरला. पुढे अधिकारी मंडळी सहकुटुंब, मागे खाणीतली आणि भट्टीवरची माणसं, उजवीकडे बायका, त्यांत कौसल्यावहिनी. टेबल टेनिसचं टेबल उभं करून पडदा केला होता. त्याच्यामागे भोसले साहेब, यंत्रं आणि भाऊंनी घरून आणून दिलेली जुनी सीडी. भाऊंनी एसी बंद करवला. पंखे बंद करवले. एका मॅडमनी पर्समधून जपानी पंखा काढला तर त्याची फडफड होते म्हणून तोही मिटवायला लावला. दहा मिनिटांत सबंध अधिकारीवर्ग भट्टीवरच्या माणसांसारखा दिसू लागला, आणि मागच्या रांगेतल्या भट्टीवरच्या माणसांना हे दृश्य फार आवडलं.

मग भाऊ उठले.

"एक सांगाचं हाय. नव्या सीडीत झांज नाई, असं मी म्हनत होतो. झांज हाय. माह्या कानात नाई. हा डॉक्टरचा कागद हाय, कोनाले पाह्याचा असन त पाहा. ती तक्रार मी वापस घेतो. दुसरी घेत नाई. लावा साहेब."

कोणीतरी पुढून हसलं. मागून मारोती खाकरला. हसणं थांबलं.

साहेबांनी प्रत्येक वेळी तेच चौथं गाणं लावायचं होतं; कुठली सीडी लावली ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं होतं. दणदणीत भागाचा आवाज यंत्रानं मोजून सारखा केलेला. पहिली वेळ. ती जागा आली, तार, श्वास, ढोल. भाऊंचा हात मांडीवर.

"हे टिकल्याची," ते म्हणाले.

दुसरी वेळ. गाणं दणकलं, थांबलं, आणि तार एकदम कुठल्या कुठे लांब गेली. हॉलमध्ये कोणी श्वास घेईना. भाऊंचे डोळे मिटलेले होते. हात सावकाश मांडीवरून सुटला आणि वर गेला.

आणि मी मागे बघितलं नसतं तर मोठ्या गमतीला मुकलो असतो. खाणीतली बारा-पंधरा माणसं, रविवारचे इस्त्रीचे कपडे घातलेली, सगळीच्या सगळी तोंड उघडं करून बसली होती. दोघांनी कानांवर हात घेतले होते. मारोती खुर्चीखाली निम्मा वाकला होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. हात वर गेला होता, बस.

हात खाली आला. ढोल कोसळला. पुढच्या रांगेतल्या मॅडमच्या हातून मिटलेला जपानी पंखा पडला.

"ही जुनी," भाऊ म्हणाले, आणि डोळे उघडून ते हसले. स्पर्धा जिंकल्यासारखे मुळीच नाही. हरवलेली चप्पल दारातच सापडावी तसे.

साहेबांनी आणखी चारदा लावलं. कधी लागोपाठ दोनदा टिकल्याची, कधी जुनी. चारही वेळा हातानं बरोबर सांगितलं. मग पडद्यामागून साहेबांचा आवाज आला, "आता दोन वेगळ्या लावतो," आणि एकामागून एक दोन झाल्या. दोन्ही वेळा हात वर गेला. भाऊ विचारात पडले.

"साहेब, दोन्ही जुन्याच हाय. दोन्हीत शांतता साबूत हाय. पन एक माह्यी हाय अन् एक दुसरी. फरक असन त वरच्या आवाजात असन, तो मले गवसत नाई." ते उजवीकडे वळले. "कौसल्ये, सांग वो."

सगळा हॉल वहिनींकडे वळला. वहिनींनी पदर सारखा केला. अशा वेळी बायका लाजतात असं लिहायची पद्धत आहे. वहिनी अजिबात लाजल्या नाहीत.

"पहिलीतली झांज कोरडी वाजते, दुसरीतली ओली," त्या म्हणाल्या. "आपली ओली हाय. रोज आयकून आयकून डोकं पिकलं माह्यं, मले नाई कळणार?"

साहेब पडद्यामागून चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. दुसरी जुनी सीडी त्यांनी मुद्दाम पुण्याहून मागवली होती, दुसऱ्याच देशात छापलेली. ती पहिली लावली होती. साहेब दिलदार माणूस, त्यांनी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या, भाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "गुलाबराव, काय कान आहे तुमचा!"

"कान कुठी हाय, साहेब?" भाऊ म्हणाले. "कागद दाखवला न तुमाले. कान तिकडं बसला हाय, बायकायत."

पुढच्या वर्षी भाऊ निवृत्त झाले आणि वहिनींच्या गावाजवळ, जिवतीच्या पठारावर, दोन खोल्या बांधून राहायला गेले. जाताना विलायतेला आणखी एक पत्र लिहून घेतलं. त्यात झांजेबद्दल माफी मागितली होती आणि शांततेबद्दल तक्रार कायम ठेवली होती. या वेळी मी काही मऊ केलं नाही.

त्यांना मी अलीकडे पाहिलं ते गेल्या एप्रिलमध्ये. छत्रीवाल्या बाईची एक जुनी, टिकला नसलेली सीडी बऱ्याच शोधानंतर मिळाली होती. कोणाच्या हाती पाठवण्यापेक्षा मीच गाडीला किक मारली आणि घाट चढून दुपारी त्यांच्या अंगणात पोचलो. दार उघडं होतं. आत पंखा बंद होता, कूलर बंद होता. गाणं चालू होतं, आणि ते 'तीन खुर्च्यां'तलं चौथं होतं.

वहिनी डोळे मिटून स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मांडीवरचं त्यांचं एक बोट हलके हलके टेकत होतं. हे. हे. हे. भाऊ शेजारी उभे होते. त्यांचं लक्ष स्पीकरकडे नव्हतं. ते त्या बोटाकडे बघत होते, ओठ किंचित हलवत, सुरुंगाची भोकं मोजत तसे.

मी "भाऊ" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाणं थांबलं. लांबवर एक तार राहिली. भाऊंनी मला पाहिलं होतं की नाही कोण जाणे, पण त्यांचा हात वर गेला.

मी होतो तिथे, डोक्यावर ऊन घेऊन, पार्सल छातीशी धरून उभा राहिलो. तोंड उघडंच होतं. ते मी तसंच ठेवलं.